उत्तरेच्या पट्ट्यात बारमाही हिरवे राहणारे नेचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बंगल्याच्या उत्तरेला, घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये ५ फूट रुंद, ३० फूट लांब पट्टा आहे. ऊन नाही म्हणून तिथे लॉन धरत नाही, फुलझाडं नुसतीच उंच वाढतात. दोन पावसाळे हंसराज आणि बोस्टन फर्न हे नेचे (फर्न) आणून लावले आणि दोन्ही वेळा एप्रिलमध्ये त्यांचा पाचोळा झाला. आता परदेशी व्हिडिओंत बर्फातही हिरवे राहणारे नेचे पाहिलेत, त्यांचं ‘बी’ ऑनलाइन मिळतंय, ते मागवावं का?

मागवू नका. एक तर नेच्याला बी नसतं. फूल नाही, फळ नाही, त्यामुळे बी यायचं कुठून? पानाच्या पाठीमागे धुळीइतके बारीक बीजाणू तयार होतात आणि त्यांच्यावर सगळा संसार चालतो. पाकिटातल्या फोटोत दाणे दिसत असतील तर ते दुसऱ्याच कशाचे तरी आहेत. दुसरं म्हणजे त्या व्हिडिओंतली वेस्टर्न सोर्ड फर्न, ख्रिसमस फर्न, ऑटम फर्न ही मंडळी थंडी सोसणारी आहेत. तिकडे नेचा चिवट ठरतो तो शून्याखालच्या तापमानात पान राखतो म्हणून. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा ८-९ अंशांपर्यंत उतरला तरी नेच्याचं फार बिघडत नाही, नवीन पान यायचं मंदावतं इतकंच. आपल्याकडे तो जातो मार्च ते मृगाच्या पावसापर्यंतच्या कोरड्या हवेत. दुपारी पारा ४० अंशांकडे जातो, हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते आणि पातळ पानाचा नेचा दोन दिवसांत कुरकुरीत होतो. म्हणून रोप निवडताना विचारायचं ते एवढंच, की हे मे महिना काढेल का.

आणि मे महिना काढायचा तर सावलीपेक्षा मुळाशी टिकणारी ओल महत्त्वाची. सावली तुमच्याकडे आहेच. बहुतेक लोक तेवढ्यावर समाधान मानतात आणि फसतात.

तरीही सावलीबद्दल एक गोष्ट आधी तपासा, कारण तुमचे नेचे बरोबर एप्रिलमध्येच गेलेत. ‘उत्तरेला ऊन येत नाही’ हे डिसेंबरात खरं असतं, मे महिन्यात नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मार्चअखेरीपासून सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. एप्रिलच्या मध्यावर सकाळी साधारण साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर ऊन घराच्या उत्तर बाजूनेच येतं. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्यसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. जून-जुलैत ढग असतात म्हणून ते जाणवत नाही. पण मेचा दुसरा पंधरवडा उघड्या आकाशाचा असतो आणि ज्या पट्ट्यात वर्षभर ऊन पाहिलेलं नसतं त्या पट्ट्यात ते थेट उतरतं. सकाळचं कोवळं ऊन नेचे सोसतात, त्याने पान उलट मजबूत होतं. मारतं ते पश्चिमेकडून येणारं संध्याकाळचं, कारण त्या वेळी हवा सर्वांत कोरडी असते आणि कंपाउंडची भिंत दिवसभर तापून आग ओकत असते.

सध्या मे चालू आहे, तेव्हा हे काम आत्ताच होईल. सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला पट्ट्यात जाऊन ऊन कुठवर येतं तिथे खडूने खूण करा. पश्चिमेकडचं टोक उघडं असेल तर तिथे रॅफिस पाम किंवा अरेका पामची दाट रांग लावा. त्या वाढेपर्यंत एप्रिल ते जून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट उभी बांधा. आडवी नको, उभीच, पडद्यासारखी. वरून झाकलं तर वारा कोंडतो आणि पावसाळ्यात बुरशी येते.

नेच्याला नेमकं काय हवं असतं ते बघायचं असेल तर एखाद्या जुन्या दगडी विहिरीत किंवा बारवेत वरून डोकावून बघा. ज्या सांध्यांतून पाणी झिरपतं तिथे काळ्या, चकचकीत देठांचा हंसराज लोंबत असतो, आणि ती झिरप बारमाही असेल तर मे महिन्यातही हिरवागार. त्याच्यापासून चार हात वर, जिथे दगड नुसताच गार असतो पण ओला नसतो, तिथे हंसराज सापडणार नाही. तिथे चुन्याच्या दर्जांमधून लांब, पट्टीसारख्या पानांचा टेरिस व्हिट्टाटा हा दुसरा नेचा उगवलेला दिसेल. आणखी वर कठड्यापाशी, उन्हाच्या कक्षेत, काहीच नाही. एका भिंतीवर तीन थर. खालच्या दोन थरांना सावली जवळपास सारखीच, फरक पडतो तो ओलीने. आणि आणखी एक गोष्ट: झिरपणीवरचा हंसराज सतत ओला असला तरी त्याच्या मुळाशी पाणी साचत नाही, ते येतं आणि खाली ओघळून जातं. तुमच्या पट्ट्यात हे जमवायचं आहे.

आता पट्टा खणा. मला न बघता सांगता येतं की एक फुटाच्या आत राडारोडा लागेल. बांधकाम संपलं की विटांचे तुकडे, सिमेंटचा गिलावा, टाइल्सच्या कपच्या सगळं बाजूच्या पट्ट्यात लोटतात आणि वर चार इंच माती पसरतात. सिमेंटने माती अल्कधर्मी होते. बहुतेक नेच्यांना किंचित आम्लधर्मी माती लागते, पीएच साडेपाच ते साडेसहा. राडारोडा हातात येईल तेवढा काढून टाका, भुशभुशीत सिमेंटचे ढेकळे तर नक्कीच. विटांचे स्वच्छ तुकडे मात्र बाजूला ठेवा, ते तळाला निचऱ्यासाठी उपयोगी पडतात.

घराच्या भिंतीला लागून एक फूट मोकळा सोडा आणि तिथे जाड खडी पसरा. भिंतीशी सतत ओली माती आणि पालापाचोळा ठेवला की प्लिंथमधून ओल चढते, वाळवीही येते. म्हणजे लागवडीला ४ फूट रुंदी उरली. तेवढ्यात ९ इंच जाडीचा थर द्यायचा तर ३० गुणिले ४ गुणिले पाऊण, म्हणजे ९० घनफूट. ब्रासच्या हिशेबाने एक ब्रासला थोडं कमी. यात दोन भाग लाल माती किंवा पोयटा, दोन भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, एक भाग वीटचुरा आणि लाकडी कोळशाचे बारीक तुकडे, एक भाग जुनं शेणखत. काळी माती अजिबात नको. पावसाळ्यात ती फुगून निचरा बंद करते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते. कोकोपीट घालायचंच असेल तर आधी चांगलं धुऊन, कारण त्यात मीठ असतं. वाफा आजूबाजूपेक्षा ४ ते ६ इंच उंच ठेवा. पुण्यात पाऊस बेताचाच, पण गच्चीचे पाइप नेमके याच पट्ट्यात सोडलेले असतात. तसा पाइप असेल तर त्याला पुढे वळवा.

आता रोपं. इथे मी जरा हात आखडता घेईन. लोक १५ प्रकार प्रत्येकी एक असे आणतात आणि तो पट्टा नर्सरीच्या नमुन्यांचं टेबल दिसतो. तीन, फार तर चार जाती घ्या आणि प्रत्येकीची चांगली झुंड करा. दाट लावलेले नेचे एकमेकांखाली ओल धरून ठेवतात; सुटा नेचा एकटाच वाळतो.

पाया म्हणून नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया. नर्सरीत याला नुसतं ‘सोर्ड फर्न’ म्हणतात (व्हिडिओंतल्या वेस्टर्न सोर्ड फर्नपेक्षा हा वेगळा) आणि फार भाव देत नाहीत, म्हणून स्वस्त मिळतं. ओळख सोपी आहे: मुळं उकरली तर सुपारीएवढ्या गोल, खवल्यांनी झाकलेल्या गाठी दिसतात. त्यात पाणी साठलेलं असतं, म्हणूनच हा मेमध्ये आठवडाभर विसरला तरी उठून बसतो. बोस्टनच्या मुळांना अशा गाठी नसतात. १८९४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बोस्टनजवळ गेलेल्या रोपांमध्ये हा झुकत्या पानांचा प्रकार वेगळा दिसला आणि तिथून तो घराघरात पोचला. पण तो दिवाणखान्यासाठी निवडला गेला, मेच्या उघड्या वाफ्यासाठी नाही. त्यातही जितकी पानं कुरळी आणि झालरीची तितकं रोप नाजूक. कॉर्डिफोलियाचं वैगुण्य त्याच्या गुणातच आहे: तो धागे सोडत पसरतो आणि तीन वर्षांत शेजाऱ्यांना गिळतो. वाफ्याच्या कडेला जमिनीत ८ इंच खोल फरशी उभी गाडा आणि काढलेली रोपं ओढ्याकाठी किंवा टेकडीवर फेकू नका. फ्लोरिडात हाच नेचा आक्रमक तण म्हणून ओळखला जातो.

दुसरा मायक्रोसोरम गट. जाड, चामड्यासारखी, बोटं फुटल्यासारखी पानं, आणि पानाच्या पाठीवर मोठे गोल ठिपके जे वरूनही उंचवटे म्हणून दिसतात, तो वॉर्ट फर्न. याची नावं नर्सरीगणिक बदलतात, तेव्हा नावापेक्षा पान हातात घेऊन बघा: वाकवल्यावर रबरासारखं लवचीक वाटलं पाहिजे. झाडांवर आणि खडकांवर वाढणारी ही जात असल्याने थोडी कोरड तिला नवी नाही. माझ्या मते पुण्यासारख्या हवेला याच्याइतका बिनतक्रार नेचा दुसरा नाही, आणि तरी कोणी मागत नाही. मगरीच्या कातडीसारखी नक्षी असलेला क्रोकोडाइल फर्न याच गटातला. दिसतो देखणा, पण त्याला ओल जरा जास्त लागते.

तिसरा बर्ड्‌स नेस्ट, अ‍ॅस्प्लेनियम नायडस. रुंद अखंड पानांचा पेला. हा जमिनीत खोल लावायचा नाही; दोन दगडांच्या बेचक्यात, पालापाचोळ्याच्या खतावर, थोडा उंच बसवायचा. वाऱ्याच्या झोतात पानं फाटतात आणि एकदा फाटलेलं पान दोन वर्षं तसंच दिसत राहतं, म्हणून पट्ट्याच्या मधोमध, आडोशाला. जंगलात तो पेल्यात पडलेला पाचोळा कुजवून खातो, तेव्हा चार वाळकी पानं आत पडली तर पडू द्या. पण हिवाळ्यात पेल्यात पाणी तुंबवू नका, गाभा, म्हणजे जिथून नवी पानं फुटतात तो भाग, सडतो.

होली फर्न, म्हणजे सिर्टोमियम फाल्कॅटम, हा चौथा. गडद, चकचकीत पानं. बर्फाळ देशांतल्या यादीतला जवळपास एवढाच आपल्याकडे ओढून आणता येण्यासारखा. पुण्यात सर्वांत गार कोपऱ्यात जमतो. पाचगणी-महाबळेश्वरला तर मोकळ्यावर वाढेल. नागपूर-अकोल्याकडे माझा सल्ला विचारलात तर नको. गुच्छात मागे खोवतात तो लेदरलीफ फर्न, रुमोरा, याचीही हीच गत: पान कापल्यावर पाण्यात आठवडाभर टिकतं म्हणून फुलवाल्यांचा लाडका, पण रोपाला थंड डोंगरच आवडतात.

टेरिस व्हिट्टाटा विकत घेऊ नका, तो जुन्या भिंतीवर फुकट उगवतो. तुमच्या पट्ट्यात जिथे सिमेंट काढता येणार नाही, तिथे त्यालाच बसवा. चुन्याची त्याला आवड आहे, उन्हाचंही वावडं नाही. हा जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो हे २००१ मध्ये दाखवलं गेलं आणि तेव्हापासून दूषित जमिनी साफ करण्यासाठी त्याच्यावर काम चालू आहे.

हंसराजाचं काय, हे तुम्ही विचारणारच. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींवर, घाटातल्या कपारींत उगवतो तो देशी हंसराज बारमाही नाहीच. दिवाळीनंतर पानं टाकून तो खोडाच्या गाठीत झोपतो आणि पुढच्या पावसात उठतो. तुमचा ‘मेलेला’ हंसराज कदाचित मेलेला नसेलही. नर्सरीतला दाट, नाजूक पानांचा बहुधा दक्षिण अमेरिकेतला असतो आणि त्याला एकदा पूर्ण कोरडं पडलेलं चालत नाही. दोन्ही लावा, पण नळाखाली किंवा मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, साबण जात नसेल तिथे, आणि पट्ट्याच्या हिरवेपणाचा भार त्यांच्यावर टाकू नका. बाशिंगाचंही असंच. झाडाच्या खोडावर तपकिरी, ओकच्या पानासारख्या ढाली लावून बसलेला हा आपल्या कोकण-सह्याद्रीतला नेचा दिमाखदार खरा, पण उन्हाळ्यात त्याची लांब हिरवी पानं झडतात आणि नुसत्या ढाली उरतात. ते त्याचं नेहमीचं वागणं आहे, रोग नव्हे. मात्र आंबोलीला गेलात म्हणून झाडावरून खरवडून आणू नका. तुटलेल्या मुळांनिशी पुण्यात तो फारसा जगत नाही. वृक्षनेच्यांच्या बाबतीत तर आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. आणि अ‍ॅस्परॅगस फर्न हा नेचाच नाही, तो शतावरीच्या कुळातला. त्याला फुलं येतात, लाल फळं येतात, ऊनही चालतं. घ्यायचा तर घ्या, पण या यादीत धरू नका.

लागवड मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलै. ऑगस्टही चालेल. ऑक्टोबरनंतर लावलेलं रोप मुळं धरायच्या आत फेब्रुवारी येतो, आणि नर्सरीत मात्र सर्वांत सुंदर नेचे हिवाळ्यातच दिसतात. तेव्हा घ्यायचा मोह झाला तर कुंडीतच ठेवा, पुढच्या पावसात जमिनीत.

तुमचे बोस्टन का गेले याचं एक कारण मला मुळांत दिसतं. नर्सरीत ही रोपं नुसत्या कोकोपीटमध्ये, फॉगरच्या धुक्यात वाढवलेली असतात. घरी आणून तो गोळा तसाच मातीत बसवला की उन्हाळ्यात तो आक्रसतो, आजूबाजूच्या मातीपासून सुटतो, आणि तुम्ही घातलेलं पाणी फटीतून खाली निघून जातं. वरची माती ओली, गोळा आतून कोरडा ठणठणीत. म्हणून लावण्याआधी कुंडीतून काढलेला गोळा बादलीत बुडे येणं थांबेपर्यंत बुडवा, बोटांनी सैल करा, तळाशी वेटोळं झालेली मुळं कात्रीने कापा आणि जमेल तितकं कोकोपीट झाडून टाका. पानं थोडी मलूल होतील, होऊ द्या. गाभा मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. मायक्रोसोरमसारख्यांचं जमिनीवरून सरपटणारं खोड तर मातीत पुरायचंच नाही. वर ठेवून तारेच्या आकड्याने दाबायचं, मुळं ते आपणच खाली सोडतं. अंतर दीड फूट. तुमच्या पट्ट्याला पन्नासेक रोपं लागतील.

वर २ इंच पालापाचोळा. आंब्याची, बदामाची पानं चुरडून घाला. तो दर वर्षी कुजून अर्धा होतो, दर ऑक्टोबरात पुन्हा भरा. उन्हाळ्याची निम्मी लढाई इथेच लढली जाते. हातात फवाऱ्याची बाटली घेऊन दिवसातून चारदा पानांवर पाणी उडवणारे पुष्कळ भेटतात. त्याने हवेतली आर्द्रता काही मिनिटंच वाढते, समाधान मात्र दिवसभर पुरतं. त्यापेक्षा संध्याकाळी तापलेली कंपाउंडची भिंत आणि खडी भिजवा. भिंतीवर वॉल क्रीपर चढवलात तर ती तापणारच नाही.

पाणी कोणतं देता? नळाचं खडकवासल्याचं असेल तर प्रश्न नाही. बोअरचं असेल आणि कुंड्यांवर पांढरी पुटं चढत असतील तर नेच्यांच्या पानांची टोकं तपकिरी होतील, कितीही पाणी घातलं तरी. बरेच जण अशा वेळी पाणी कमी पडतंय समजून तेच पाणी आणखी घालतात. आरओचं वाया जाणारं पाणी तर नेच्यांना अजिबात नको, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. कूलरच्या टाकीच्या तळाचंही नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळपास क्षारमुक्त असतं, ते बादलीत धरा. मार्च ते जून एक दिवसाआड, सकाळी, मुळाशी सावकाश. पावसाळ्यात पाहायचं ते फक्त पाणी साचत नाही ना. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पुरे.

खताच्या बाबतीत कंजूष राहा. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विरघळणारं खत) लिटरभर पाण्याला अर्धा ते एक ग्रॅम, तेही माती ओली असताना, आणि वर्षातून एकदा मूठभर गांडूळखत. उन्हाळ्यात काही नाही.

एप्रिल-मेमध्ये काही जुनी पानं तपकिरी होतील. ती कापायची घाई करू नका. त्यांची सावली गाभ्यावर पडते. पहिल्या पावसानंतर, गाभ्यातून जिलबीसारखी गुंडाळलेली कोवळी पानं वर यायला लागली की जुनी बुडापासून काढा. उशीर केलात तर कात्रीत नवीही सापडतात.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी दर पावसाळ्यात फोन येतात: ‘पानाच्या मागे तपकिरी कीड लागलीये, कोणतं औषध मारू?’ दहापैकी नऊ वेळा ती कीड नसते, बीजाणूंचे पुंजके असतात. पान उलटं करून उजेडाकडे धरा. नेफ्रोलेपिसवर ते प्रत्येक पर्णिकेच्या, म्हणजे पानाच्या छोट्या भागाच्या, कडेजवळ ओळीत असतात. टेरिसवर कडेलगत अखंड रेघ, हंसराजावर कडेच्या दुमडीखाली लपलेले, बर्ड्‌स नेस्टवर मधल्या शिरेपासून तिरक्या निघालेल्या समांतर रेघा. फसवतो तो होली फर्न, कारण त्याचे गोल ठिपके सगळ्या पाठीवर विखुरलेले असतात, प्रत्येकावर बारीक टोपी, अगदी खवले किडीसारखे. पण कितीही विखुरले तरी प्रत्येक पर्णिकेवर त्यांची मांडणी सारखी असते. खवले कीड कुठेही बसते, देठावरही. नखाने सबंध उचकटते, खाली ओलसर डाग राहतो आणि आसपास पान चिकट लागतं. खरी कीड असेल तर जुन्या ब्रशने आणि पाण्याने काढा. कडुनिंबाचं तेल मारायचं झालं तर नेहमीच्या निम्म्या मात्रेत, संध्याकाळी, आधी एकाच पानावर. तेल आणि साबण या दोन्हींनी नेच्याचं पान चटकन भाजतं.

जुलै-ऑगस्टमध्ये खरा शत्रू गोगलगाय, विशेषतः मोठी आफ्रिकन. एका रात्रीत बर्ड्‌स नेस्टचा सगळा कोवळा गाभा खाते आणि मग त्या वर्षीची पानं गेलीच. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन वेचायच्या, हातमोजे घालून, आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. गोगलगायींच्या विषारी गोळ्या घातल्या तर कुत्र्या-मांजरांना धोका.

हे सगळं पुणे-नाशिकच्या हवेचं झालं. कोकणात आणि गोव्यात हवा मेमध्येही दमट, त्यामुळे बोस्टनही मजेत राहतो. तिथे गाठ पडते ती चार महिन्यांच्या संततधारेशी, तेव्हा वाफा ९ इंच तरी उचला. खाडीकाठी खारं पाणी लागत असेल तर खारफुटीत वाढणारा अ‍ॅक्रोस्टिकम लावा, माणसाच्या उंचीचा होतो आणि खारेपणाला भीत नाही. विदर्भात ४५ अंशांत उघड्या वाफ्याचा नाद सोडून कॉर्डिफोलिया आणि मायक्रोसोरम मोठ्या मातीच्या कुंड्यांत लावा, म्हणजे मे-जूनमध्ये त्या आतल्या चौकात हलवता येतील. आणि सिअ‍ॅटल किंवा लंडनहून वाचणाऱ्यांनो, वरचं काही ऐकू नका. तुमच्याकडे वेस्टर्न सोर्ड फर्न किंवा हार्ट्‌स टंग अंगणातलेच आहेत, त्यांना फक्त हिवाळा संपताना जुनी पानं कापून हवी असतात.

तुमच्याकडे आता पाऊस सुरू व्हायला थोडेच दिवस आहेत. उन्हाच्या खुणा करा, पट्टा खणून राडारोडा काढा, खत-माती मिसळून वाफा भरून ठेवा आणि पहिल्या पावसांत त्याला बसू द्या. तो दोन इंच तरी खचतो. रोपं जूनअखेरीस घ्या. ८ इंची कुंडीतलं डेरेदार घेण्यापेक्षा ४ इंची पिशवीतली दुप्पट घ्या, ती लवकर मुळं धरतात. पानं किती आहेत हे पाहू नका, गाभ्यात नवी गुंडाळी आहे का ते पाहा, आणि रोप कुंडीतून बाहेर काढून दाखवायला सांगा: मुळांची टोकं फिकट, ताजी हवीत. काळी आणि पिळल्यावर सालपट सुटणारी मुळं दिसली, किंवा नर्सरीवाला काढून दाखवायलाच तयार नसला, तर पुढच्या नर्सरीत जा.